कडक बिअर : एक रसपरीक्षण

ज्या पानांत काव्यनाटकांची परीक्षणे यावयाची, तेथे बिअरच्या बाटलीने शिरकाव करावा हे आमच्या काही वाचकांस रुचणार नाही. परंतु ज्या वस्तूकरिता हजारो लोक प्रत्यही पैसे मोजतात, तिचे गुणदोष कोणीच सांगू नयेत, हा सोवळेपणा आम्हांस निरुपयोगी वाटतो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत पाळी सुटली म्हणजे ‘बिअर शॉपी’च्या खिडकीशी स्वस्त बाटली मागितली जाते, ती बहुधा ‘स्ट्राँग’. तिचेच परीक्षण येथे योजिले आहे.

हिचे कुळ थोर आहे. फिकट सोनेरी लागर बिअर १८४२ साली बोहेमियातील पिल्सेन नगरात योझेफ ग्रोल नामक बव्हेरियन कारागिराने प्रथम सिद्ध केली. थंड तळघरात सावकाश आंबविलेल्या व आठवडेच्या आठवडे मुरविलेल्या या पेयाचा प्राण म्हणजे जवाच्या माल्टचा मंद गोडवा आणि हॉप्स या फुलांचा कडवटपणा यांचा तोल. आपल्या षड्रसांत तिक्त रसासही मान आहे. पाडव्यास कडुलिंब चघळणाऱ्यांस त्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

कडक बिअरमध्ये हा तोलच ढळतो. २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे जिच्यात मद्यार्क ५ टक्क्यांहून अधिक व ८ टक्क्यांपर्यंत असतो, ती कडक. माल्टच्या जोडीस तांदूळ, मका किंवा साखर घातली की यीस्टला खाद्य मिळून मद्यार्क वाढतो. परंतु त्या मानाने पेयास अंग येत नाही, आणि हॉप्सचा हात आखडता असला तर कडवटपणा मागे पडतो.

आम्ही ही बाटली चाकणला एका तरुण स्नेह्याच्या खोलीवर चाखली. तो प्रेस मशीनवर ठेकेदाराकडे कामाला आहे. पहिला पेला बर्फासारखा गार होता. रंग स्वच्छ, बुडबुडे चपळ, फेस अल्पायुषी. त्या घोटात दोष काढावयास जागा नव्हती, आणि गुण सांगावयासही नव्हती. दुसरा पेला आम्ही मुद्दाम अर्धा तास तसाच ठेविला. नाट्यपदातील काव्य पारखावयाचे तर गायकाचा गळा व ऑर्गनची साथ वगळून ते वाचावे लागते. बिअरचा गारवा ही तशीच साथ होय. तो ओसरताच उकडलेल्या मक्याचा वास, चिकट गोडी आणि घशाशी स्पिरिटची ऊब एवढेच हाती लागले.

यजमान हसून म्हणाला, “अहो काका, ती कोमट करून कोण पितं? चव बघायची असती तर लिंबू सरबत घेतलं असतं. एका बाटलीत झोप लागते, आणि उद्या परत पाळी आहे.”

आमच्या साऱ्या रसचर्चेहून हे परीक्षण अधिक मार्मिक होते. ६५० मिलिलिटरच्या बाटलीत मद्यार्क ८ टक्के धरल्यास शुद्ध मद्यार्क ५२ मिलिलिटर होतो. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये, ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने, तो सुमारे २६ मिलिलिटर असतो. म्हणजे एक बाटली बरोबर दोन मोठे पेग. हा हिशेब आमच्या मित्रास ठाऊक आहे. ठाऊक नाही तो आपणा पांढरपेशांस. ‘बिअरच तर आहे!’ असे म्हणून पाहुण्यास दुसरी बाटली फोडून देणारा आणि नंतर त्याच्या हाती मोटारीची किल्ली ठेवणारा गृहस्थ आपल्यातच सापडतो. कायद्याने वाहन चालविणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात मद्यार्क ३० मिलिग्रॅमहून अधिक चालत नाही, हे त्याच्या गावीही नसते.

तेव्हा आमचा अभिप्राय असा : पेय म्हणून ही बाटली सामान्य, नशा म्हणून चोख. तिने आपले सामर्थ्य लपविलेले नाही, ते लेबलावरच छापिले आहे. ‘बिअर’ या सौम्य नावावर विसंबून फसवणूक आपली आपणच करून घेतो.

आमच्या पेल्यात उरलेली कोमट बिअर आम्ही मोरीत ओतू लागलो, तो यजमानाने हात धरिला. तीत बर्फाचा खडा टाकून त्याने ती संपविली आणि घड्याळास गजर लाविला.