आज्ञा पाठ, आखणी कच्ची

यकृताच्या आणि मेंदूच्या पेशींत जनुके बहुतांशी तीच असतात. फरक असतो तो त्यांपैकी कोणती किती काम करतात याचा. हे काम मोजण्यासाठी पेशींतील आरएनए गोळा करून त्याच्या डीएनए प्रती काढतात, यंत्र त्यांचे लक्षावधी तुकडे वाचते आणि कोणत्या जनुकाचे किती तुकडे आले हे संगणक मोजतो. जीवशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या अनेकांना आज हे गणित शिकावे लागते. ते शिकवले कसे जाते, हे जरा तपासून पाहण्याजोगे आहे.

‘गॅलक्सी’ या मोफत संगणक-व्यवस्थेतील एक पाठ यासाठी सर्वत्र वापरला जातो. त्यातील माहिती २०११ साली प्रसिद्ध झालेल्या फळमाशीवरील प्रयोगाची आहे. एकूण नमुने सात. तिनांत ‘पॅसिला’ हे जनुक दाबलेले, चारांत नाही. पाठ उत्तम लिहिलेला आहे. पायऱ्या नीट समजावल्या आहेत आणि संगणकाच्या आज्ञा न येणाराही तो पुरा करू शकतो. काही नमुन्यांचे तुकडे एका टोकाकडून वाचले होते, तर काहींचे दोन्ही टोकांकडून. हा फरक हिशेबात धरायलाही पाठ शिकवतो.

मग तक्रार कशाची? या माहितीचे भाग्य चांगले आहे, हे विद्यार्थ्याच्या मनावर ठसत नाही. दोन्ही प्रकारच्या वाचनांत जनुक दाबलेले आणि न दाबलेले असे दोन्ही नमुने आहेत, म्हणून वाचनाचा परिणाम वेगळा काढता येतो. शिक्षकांना हे चटकन पटेल. ‘अ’ तुकडीचे सगळे पेपर एका परीक्षकाने तपासले आणि ‘ब’ तुकडीचे दुसऱ्याने, तर गुणांतला फरक मुलांचा की परीक्षकांचा, हे कोणते सूत्र सांगेल? प्रत्येकाने दोन्ही तुकड्यांचे थोडे थोडे पेपर तपासले असते तर गोष्ट वेगळी.

नेमके हेच एका नामांकित संशोधनात घडले. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या गटाने माणूस व उंदीर यांच्या १३ ऊतींची तुलना प्रसिद्ध केली. निष्कर्ष चकित करणारा होता : माणसाच्या ऊती उंदराच्या त्याच ऊतींपेक्षा माणसाच्याच इतर ऊतींशी अधिक जुळतात! शिकागो विद्यापीठातील योआव गिलाड आणि ओर्ना मिझराही-मान यांनी मूळ फायली उघडल्या. प्रत्येक तुकड्याच्या नोंदीवर यंत्राचे आणि त्यातील मार्गिकेचे नाव असते. त्यावरून दिसले, की नमुने पाच गटांत वाचले गेले होते आणि माणूस व उंदीर एकत्र असलेला गट होता फक्त एक. २०१५ मध्ये त्यांनी गटांचा परिणाम वजा करून हिशेब मांडला, तेव्हा यकृत यकृताशेजारी जाऊन बसले. मूळ संशोधकांना हे मान्य झाले नाही. माझ्या मते मात्र गिलाड यांचे उत्तरही पक्के म्हणता येणार नाही, कारण गट आणि प्रजाती इतके गुंतलेले असताना एक वजा करताना दुसऱ्याचाही लचका तुटतो. मूळ निष्कर्षाचा आधार गेला, एवढे खरे.

फळमाशीच्या पाठाला जोडून ही माहिती विद्यार्थ्यांना द्यावी असे वाटते, आणि तीही तयार तक्ता न देता. कोणता नमुना कधी, कोणत्या यंत्रावर वाचला हे त्यांनीच फायलींतून खणून काढावे. नमुन्यांच्या संख्येचेही तसेच. २०१६ साली यीस्टच्या प्रत्येकी ४८ नमुन्यांवर केलेल्या चाचणीत, केवळ तीन-तीन नमुने घेतले तर बहुतेक पद्धतींना खऱ्या फरकांपैकी २० ते ४० टक्केच सापडले. फळमाशीच्या पाठात तीन आणि चार नमुने आहेत; सरावाला ते पुरेसे आहेत, पण विद्यार्थी तोच आकडा आपल्या प्रबंधात उचलतो.

अशा सरावात ‘या माहितीवरून सांगता येत नाही’ हे उत्तर बरोबर धरावे लागेल. आजच्या पाठात प्रत्येक पायरीला एक ठरलेले उत्तर असते.