तळघर आणि खदान

कोरियन मालिका म्हणजे गुळगुळीत चेहरे आणि छत्रीखालचे प्रेम, असा समज आपल्याकडे अजून आहे. तो अगदीच खोटा नाही. तशा मालिका ढिगाने आहेत. पण गेल्या वर्षभरात घुग्घुसला बसून जे पाहिले, त्यात प्रेमापेक्षा घरच जास्त लक्षात राहिले. घर किती उंचीवर आहे, त्यात ऊन किती येते, ते कोणाच्या कर्जावर उभे आहे, हे तिकडचा चांगला दिग्दर्शक सुरुवातीलाच सांगून टाकतो.

बोंग जून-हो यांचा ‘पॅरासाइट’ (2019) हा याचा सर्वांत परिचित नमुना. किम कुटुंब अर्ध्या तळघरात राहते. खिडकी रस्त्याच्या पातळीला, बाहेर दारुडे लघवीला उभे राहतात. पार्क कुटुंबाचा बंगला उंचावर. मुसळधार पावसाच्या रात्री किम आणि त्याची दोन्ही मुले तिथून निसटतात आणि पायऱ्या उतरत राहतात. उतरणे संपतच नाही. खाली पोचतात तो घरात गटाराचे पाणी. दुसऱ्या दिवशी त्याच पावसाने हवा स्वच्छ झाली म्हणून पार्कबाई खूश असतात. दिग्दर्शक यावर काहीही भाष्य करीत नाही.

ऑगस्ट 2022 मध्ये सोलला खरोखरच असा पाऊस झाला. ग्वानाक भागातल्या एका अर्ध्या तळघरात एकाच कुटुंबातील तिघीजणी बुडून मेल्या. जगभरच्या बातम्यांत ‘पॅरासाइट’चे नाव आले. त्याच महिन्यात घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गेले. खाली जुनी भूमिगत खदान. माणसे वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांना हलवावे लागले. या बातमीला टेकायला मात्र कुठलाच चित्रपट नव्हता. कलाकृती आधीपासून असली की बातमीला मागचा-पुढचा धागा मिळतो. नसली की फोटो चार दिवस मोबाइलवर फिरतात.

तरी सरळ जुळवणीचा मोह आवरावा. पार्कसाहेबांना ड्रायव्हरच्या अंगाचा वास खटकतो. हा तळघराचा वास आहे, घर सोडल्याशिवाय जायचा नाही, असे किमची मुलगी म्हणते. म्हणजे घर सोडले की तो जाईल, एवढी आशा तिला आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तल्या (2013) जब्याला तेवढीही नाही, घर बदलून जात बदलत नाही.

किम वॉन-सोक यांच्या ‘माय मिस्टर’ (2018) या मालिकेचा नायक इमारतींचे बळ तपासणारा अभियंता आहे, भेगा वाचणारा माणूस. ली सन-क्यून यांनी तो केला आहे. ‘पॅरासाइट’मधले पार्कसाहेबही तेच. नायिका कर्जात बुडालेली, म्हातारी आजी सांभाळणारी, ऑफिसातल्या कॉफीच्या पुड्या चोरणारी पोर. मूळ नावातला ‘अजोशी’ हा शब्द आपल्या ‘काका’च्या जवळचा. इंग्रजी ‘मिस्टर’ने तो नातेवाचक ओलावा घालवला, आणि या दोघांत प्रेमप्रकरण शोधणाऱ्यांची सोय केली. मराठी कानाला ‘काका’ ऐकू आले असते तर निम्मा गैरसमज झालाच नसता.

याच दिग्दर्शकाच्या ‘व्हेन लाइफ गिव्हज यू टॅन्जरीन्स’मध्ये (2025) जेजू बेटावरची आई श्वास धरून समुद्राच्या तळाशी जाते, शंख-शिंपले काढते आणि एकोणतिसाव्या वर्षी छातीच्या दुखण्याने मरते. ज्या घरातले कोणी खदानीत पाळीवर जाते, तिथे हे समजावून सांगावे लागत नाही. माझी तक्रार पुढची आहे. मुलीला नवरा मिळतो तो इतका भला, की तिचे सगळे सोसणे त्याच्या चांगुलपणात विरघळते. ‘माय मिस्टर’मध्येही छळणारा सावकाराचा पोरगा अखेर पाघळतो. दुःखाचे मूळ दाखवायचे आणि उतारा मात्र एखाद्या भल्या माणसात शोधायचा, ही या मालिकांची खोड आहे. रडू येते, तेही खरेच. पण रडून झाल्यावर कर्ज कोणी लादले हा प्रश्न मागे पडलेला असतो.

बोंग ही सवलत देत नाहीत. ‘पॅरासाइट’च्या शेवटी मुलगा पैसे कमावून तो बंगला विकत घेण्याचे स्वप्न पाहतो, हिरवळ, ऊन, बापाची मिठी. मग कॅमेरा खिडकीवरून हळूहळू खाली येतो. बाहेर बर्फ पडतो आहे आणि मुलगा तळघरातच बसलेला आहे.