देहाची साक्ष : मनोविश्लेषण आणि आघातग्रस्त मूल

बऱ्हाणपूरच्या लालबाग भागात काही मराठीभाषक धर्मशिक्षकांच्या सहवासात एक संध्याकाळ घालविण्याचा योग आम्हांस आला होता. त्या वेळी एकाने विचारलेला प्रश्न साधा होता. शब्बाथ शाळेतील एक मूल, प्रार्थनेसाठी डोक्यावर हात ठेवताच ताठ होते, श्वास रोखून धरते. विचारले तर ‘काही नाही’ एवढेच म्हणते. अशा मुलास बोलते कसे करावे? ‘धीराने विचारीत राहा,’ असे उत्तर आम्ही दिले. ते उत्तर अपुरे होते, किंबहुना चुकीच्या दिशेचे होते, असे आज आम्हांस वाटते. ते मूल बोलतच होते. त्याची भाषा आम्हांस कळली नाही, इतकेच.

या विचाराने आम्ही एक जुना निबंध पुन्हा वाचावयास घेतला. अमेरिकेतील मनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांनी एडना अ‍ॅडेल्सन व व्हिव्हियन शापिरो या सहकाऱ्यांसह १९७५ साली ‘घोस्ट्स इन द नर्सरी’ या नावाने तो प्रसिद्ध केला. बाळाच्या खोलीत वावरणारी भुते, असा त्या नावाचा अर्थ. मातापित्यांच्या बालपणातील न शमलेली दुःखे त्यांच्या अपत्याभोवती वावरत राहतात, हे त्याचे प्रतिपादन आहे.

या निबंधाचे मोल समजण्यासाठी त्याची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते. फ्रॉइडची पद्धत प्रौढांसाठी होती : रुग्णाने कोचावर पडून राहावे आणि मनात येईल ते बोलावे. देह स्वस्थ, जीभ मोकळी. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या लहान हान्सच्या प्रकरणातही उपचार मुख्यत्वे मुलाच्या वडिलांमार्फत झाले. पुढे मेलनी क्लाइन यांनी मुलांपुढे खेळणी ठेवली, आणि मुलाचे हात जे करतात तेही बोलणेच होय, हे दाखविले. बालरोगतज्ज्ञ असलेल्या विनिकॉट यांनी आणखी एक पाऊल टाकले : मुलाला अर्थ सांगण्याआधी त्याला सांभाळून धरणारे कोणी हवे. अशा रीतीने शब्दांच्या या शास्त्रात देहाला हळूहळू स्थान मिळाले.

फ्रायबर्ग यांच्या निबंधात उपचार घडतात ते मातेच्या घरी, बाळ समोर असताना. साडेपाच महिन्यांची मेरी आक्रोश करीत असते आणि तिची आई जणू काही ऐकूच येत नाही अशी बसून राहते. उपचार करणारी स्त्री बाळाला आपण उचलून घेत नाही, आईला दोषही देत नाही. ती स्वतःला विचारते : या आईला हे रडणे ऐकू का येत नाही? उत्तर असे मिळते की, तिचे स्वतःचे रडणे कधी कोणी ऐकलेच नव्हते. ते ऐकले गेले, ती स्वतःसाठी रडू शकली, तेव्हा तिचे हात आपोआप बाळाकडे वळले. दुसरी माता अवघी सोळा वर्षांची. तिला बालपणी खाल्लेला मार तपशीलवार आठवतो. आठवत नाही ती त्या वेळची वेदना आणि भीती. आपल्या बाळाला जवळ घेणे ती टाळते.

निबंधाचा गाभा येथे आहे. घटना आठवणे निराळे आणि वेदना आठवणे निराळे. ज्यास आपली वेदना आठवते तो ती दुसऱ्यास सहसा देत नाही. ज्यास केवळ घटना आठवते तो ती नकळत पुढे चालवितो.

हे आपल्या मंडळीस अगदीच अपरिचित नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’च्या आरंभी आपल्या वडिलांचे सोवळे वर्णिले आहे. १८५७ च्या बंडानंतर आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांस सोवळ्याचे वेड लागले. ज्या दुःखाला शब्द मिळाला नाही ते पाण्यात उतरले, आणि घरातील मुलांना त्या धुण्यापुसण्याच्या धाकात वाढावे लागले. याउलट पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्यावे. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांनी आईवडील व बहीण गमावली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या (बऱ्हाणपूर तेव्हा याच प्रांतात होते) आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. आपल्या उपासमारीच्या आठवणीनेच आपणांस तिकडे नेले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्या मुलींना आधी हवे होते ते अन्न, वस्त्र व निवारा. रमाबाईंना आपली भूक आठवत होती, म्हणून त्यांना दुसऱ्याची भूक दिसली.

निबंधाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो मोजक्या प्रकरणांवर उभा आहे. त्याने वाट दाखविली, सिद्धता दिली नाही. त्यात बाप फारसा दिसत नाही, आणि त्यामुळे सारा भार आईवर पडतो. शिवाय त्यातील भुते घराच्या आतली आहेत. भूक, स्थलांतर व जातीचा अपमान ही बाहेरून येणारी भुते त्यात जवळजवळ नाहीत. आणखी एक गोष्ट : त्यातील मुले तान्ही आहेत. तान्ह्या बाळास उचलून घेणे हेच औषध. पण ज्या आठ वर्षांच्या मुलीस स्पर्शानेच इजा झाली, तिला न विचारता जवळ घेणे हा दुसरा आघात ठरू शकतो.

आता आमच्या सेवेकडे वळू. आपणांपैकी अनेकांनी वसतिगृहात छडी खाल्ली आहे. ‘आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?’ हे वाक्य आपण किती सहजपणे उच्चारतो! त्यात घटना आहे, वेदना नाही. फ्रायबर्ग यांची सोळा वर्षांची माता याच सुरात बोलत होती. ज्या पाळकास आपले लहानपणीचे रडणे आठवत नाही, त्यास वर्गातील ताठ झालेले मूल उद्धट वाटेल. म्हणून मुलास बोलते करण्याआधी आपण स्वतःस ऐकावे.

व्यवहारात आम्ही एवढेच सुचवितो. हात ठेवण्यापूर्वी विचारावे. नकार आला तर प्रार्थना लांबूनही होते. डोळे मिटण्याची सक्ती नसावी. साक्षीच्या नावाखाली मुलाकडून मंडळीपुढे दुःख वदवून घेऊ नये. आपण उपचारक नाही, तेव्हा खेळाचा वा चित्राचा अर्थ लावीत बसू नये. ते काम जाणकाराकडे सोपवावे. आणि लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास ते मंडळीच्या अब्रूसाठी झाकू नये. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार पोलिसांना कळविणे हे प्रत्येकाचे बंधन आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

याईराच्या मुलीचा वृत्तांत आपण पुष्कळदा पुनरुत्थानाचा दाखला म्हणून सांगतो. आता त्यातील बारीक गोष्टींकडे पाहावे. प्रभूने रडारड करणाऱ्या गर्दीस बाहेर काढले; आईबापांस व तिघा शिष्यांस आत ठेवले, एकटा राहिला नाही; तिचा हात धरला; आणि ती उठून चालू लागल्यावर तिला काय झाले होते असे विचारले नाही, तर तिला खावयास देण्यास सांगितले. देह धारण करून आलेल्या प्रभूस देहाची भाषा कळत होती. लालबागच्या त्या धर्मशिक्षकास आमचे उशिराचे उत्तर हेच आहे.