उपनगरचा रस्ता आणि खिशांतला कॅमेरा

मुंबईचीं छायाचित्रें म्हटलीं कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें कांहीं ठराविक देखावे उभे राहतात : गेटवे, मरीन ड्राइव्हची कमान, बोरीबंदरचा घुमट, धोबीघाट, आणि पावसाळा असेल तर वाऱ्यानें उलटी झालेली एखादी छत्री. हीं चित्रें वाईट असतात असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांतील कित्येक फार उत्तम आहेत. परंतु अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथें राहणाऱ्या ज्या कुटुंबांच्या दिवाणखान्यांत असे संग्रह मानानें ठेवलेले असतात, त्यांना आपला स्वतःचा रस्ता त्यांत क्वचितच सांपडतो. १९५० व १९५७ सालीं महानगरपालिकेची हद्द वाढून हीं उपनगरें बृहन्मुंबईंत आलीं. छायाचित्रांच्या मुंबईंत मात्र तीं अद्याप पुरतीं आलेलीं नाहींत. रघुवीर सिंह यांच्या १९९४ सालच्या रंगीत संग्रहाचें नांव 'बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया' असें आहे. त्यांनीं शहर पुष्कळ हिंडून पाहिलें होतें, हें तो संग्रह चाळणाऱ्यास सांगावयास नको. तरी नांव द्यावयाची वेळ आली तेव्हां तेंही वेशीपाशींच थांबलें.

ही उणीव भरून काढण्याचें काम आतां उपनगरांतील हौशी मंडळींकडे आलें आहे, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : लहानसा कॅमेरा घ्यावयाचा, तर कोणता? हा प्रश्न दुकानदाराचा समजून साहित्यविषयक मासिकें तो सोडून देतात. आम्हांस तो टीकेचा विषय वाटतो. ज्या हत्यारानें चित्र काढावयाचें, तें हत्यारच पुष्कळ वेळां चित्राचा विषय ठरवितें, आणि पाहणारा व पाहिला जाणारा यांच्यांतील अंतरही तेंच ठरवितें.

मुंबईस छायाचित्रणाची परंपरा जुनी आहे. येथील फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्यांतील आरंभींच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकीं होते. त्या काळच्या तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्यास स्थिर वस्तूच मानवत. इमारती, देवळें, आणि श्वास रोखून बसलेलीं माणसें. चालता रस्ता कांचेवर उमटत नसे. उमटलाच तर धुक्यासारखा. ऑस्कर बार्नाक या जर्मन कारागिरानें सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरणारा लहान कॅमेरा तयार केला आणि तो लायका या नांवानें १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत विक्रीस आला, तेव्हां ही स्थिति पालटली. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीं १९३२ च्या सुमारास तो हातीं धरला. पुढें १९४७-४८ सालीं ते हिंदुस्थानांत आले, आणि गांधीजींच्या अखेरच्या दिवसांचीं व अंत्ययात्रेचीं त्यांचीं चित्रें जगभर गेलीं. आमच्याकडील होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) यांनीं जे. जे. स्कूलमध्यें शिक्षण घेतलें व मुंबईंतच कामास आरंभ केला. त्यांच्या हातांतला रोलिफ्लेक्स छातीशीं धरून वरून पाहावयाचा असे. मान खालीं घातलेली व्यक्ति समोरच्यास जितकी निरुपद्रवी वाटते, तितकी एक डोळा मिटून नेम धरणारी वाटत नाहीं. ही गोष्ट पुढें उपयोगी पडेल.

मध्यमवर्गीय घरांत कॅमेरा शिरला तो आग्फा क्लिकच्या रूपानें. एका रोलांत बारा चौरस चित्रें, आणि रोल धुवून येईपर्यंत आठवडा. अशा बारा चित्रांपैकीं एखादें रस्त्यावर उधळावयाचें, ही कल्पनाच त्या घरांत उधळेपणाची ठरली असती. त्यामुळें आमच्या कुटुंबांच्या आल्बमांत मुंजी आहेत, बारशीं आहेत, माथेरानची सहल आहे; परंतु घराखालचा वाणी, दूधवाला, गिरणींत दळणाचा डबा घेऊन उभी असलेली बाई यांतलें कोणी नाहीं. आतां चित्राला रोल लागत नाहीं, म्हणजे काटकसरीची सबबही उरलेली नाहीं.

उपनगरच्या रस्त्यास कसला कॅमेरा हवा, हें त्या रस्त्यालाच विचारलें पाहिजे. घाटकोपरला ८ जून २०१४ पासून मेट्रो येऊन मिळाली, आणि सकाळीं मेट्रोंतून उतरून लोकल पकडणाऱ्यांचा जो लोंढा पुलावर लोटतो, त्यांत मनुष्याचा एक हात पिशवीला व दुसरा कठड्याला गुंतलेला असतो. मुलुंडच्या पांच रस्त्यांवर, बोरिवली स्टेशनबाहेरच्या भाजीबाजारांत, अंधेरीच्या कुर्ला रोडवर फूटपाथ असला तर दोन माणसांपुरता. गळ्यांत मोठें भिंग अडकवून तेथें उभा राहिलेला गृहस्थ एक तर वर्तमानपत्राचा बातमीदार ठरतो किंवा महानगरपालिकेचा माणूस. आणि दोन्ही प्रसंगीं फेरीवाला टोपली आवरूं लागतो. चित्र काढण्यापूर्वींच चित्र मोडतें. शिवाय उपनगरचा हौशी मनुष्य चित्रें काढावयास म्हणून बाहेर पडत नाहीं. तो कचेरींत जातो, मुलाला शिकवणीस सोडतो, मंडईंत जातो. जो कॅमेरा शर्टाच्या वा पाकिटाच्या खिशांत मावत नाहीं, तो त्याच्या बाबतींत रविवारपुरताच राहतो. आणि उपनगरचा रस्ता रविवारीं दिसतो त्याहून सोमवारीं सकाळीं अधिक खरा असतो.

आतां भिंगाचा विचार. येथें थोडें गणित वाचकांनीं सोसावें. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशोबानें २८ मिलिमीटरचें भिंग दोन मीटरवरून सुमारें अडीच मीटर रुंदीचें दृश्य घेतें, म्हणजे भाजीची एक गाडी, ती चालविणारी बाई आणि एक गिऱ्हाईक. तेवढीच रुंदी ४० मिलिमीटरच्या भिंगांत हवी असेल तर पावणेतीन-तीन मीटर मागें सरावें लागतें. तीच २०० मिलिमीटरच्या झूमनें घ्यावयाची तर चौदा मीटर दूर जावें लागतें, म्हणजे रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानाच्या पायरीवर. दोन मीटरवरच्या मनुष्यास आपण दिसतों. त्याला हंसतां येतें, रागावतां येतें, 'नको' म्हणतां येतें. चौदा मीटरवरून त्याला यांतलें कांहींच करतां येत नाहीं. झूमनें काढलेल्या रस्त्याच्या चित्रांना जो एक टेहळणीचा वास येतो, त्याचें मूळ आम्हांस या चौदा मीटरांत दिसतें. सोनीच्या आर. एक्स. १०० मालिकेंतील २०१९ चा सातवा कॅमेरा २४ पासून २०० मिलिमीटरपर्यंत पोंचतो व वजनानें अवघा ३०२ ग्रॅम आहे. प्रवासास, मुलांच्या स्नेहसंमेलनास तो फार सोयीचा आहे, यांत वाद नाहीं. त्याचा सेन्सर मात्र सुमारें ११६ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे पुढें सांगितलेल्या दोन कॅमेऱ्यांच्या एकतृतीयांशाच्या आसपास, आणि संध्याकाळीं सातनंतर हा फरक चित्रांत दिसूं लागतो.

ते दोन कॅमेरे म्हणजे रिकोचा जी. आर. आणि फूजीचा एक्स १००. दोहोंचेंही भिंग एकच व न बदलणारें. रिकोचा जी. आर. ३ (२०१९) बॅटरीसह २५७ ग्रॅम भरतो व खरोखरच खिशांत राहतो. त्याच्या २०२१ च्या भावंडास ४० मिलिमीटरचें भिंग आहे, आणि २०२५ सालीं त्याचा चौथा अवतार निघाला. जपानचे दाइदो मोरियामा यांनीं याच घराण्याचे कॅमेरे घेऊन तोकियोच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. त्याचा खरा गुण निराळाच आहे. अंतर आगाऊ ठरवून ठेवण्याची त्यांत सोय असते. दोन मीटरांवर तें ठेवून छिद्र आठ आंकड्यावर आणलें, कीं सुमारें एक मीटरपासून रस्त्याच्या पार टोंकापर्यंत सर्व स्पष्ट येतें. मग यंत्र शोधाशोध करीत बसत नाहीं, बटण दाबतांक्षणीं चित्र उमटतें. पुलावरची गर्दी एका क्षणांत बदलते, तेथें या एका सोयीपुढें बाकीचीं वैशिष्ट्यें आम्हांस गौण वाटतात. दोषही आहेत : डोळ्याला लावण्याची खिडकी नाहीं, भर उन्हांत मागचा पडदा दिसत नाहीं, बॅटरी दोनशेएक चित्रांत संपते, आणि पावसापासून संरक्षण मुळींच नाहीं.

फूजीचा एक्स १०० सहावा (फेब्रुवारी २०२४) हा अधिक देखणा व अधिक समर्थ. चाळीस दशलक्ष बिंदूंचें चित्र, ३५ मिलिमीटरचें भिंग, हात हलला तरी सांवरून घेणारी योजना, आणि बाहेरचा रस्ता जसाच्या तसा दाखविणारी कांचेची खिडकी. परंतु वजन ५२१ ग्रॅम, म्हणजे खिशाचा नव्हे, गळ्याचा कॅमेरा. आणि आपल्याकडे त्याची किंमत लाखाच्या पुढें जाते. बाजारांत त्याचें रूपच इतकें गाजलें आहे कीं तो गळ्यांत असणें हा कित्येक तरुणांना चित्र काढण्याचा पर्याय वाटूं लागला आहे. दागिना म्हणून तो वाईट नाहीं.

त्याची एक बाजू मात्र न्यायानें मांडली पाहिजे. तो डोळ्याला लावतां येतो, आणि डोळ्याला लावला म्हणजे समोरच्यास कळतें. रिको मुठींत लपतो. लपणें हा त्याचा गुण म्हणून जाहीर केला जातो. आमच्या मतें तो त्याच्यांतला मोह आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. रस्त्यावरच्या प्रत्येक चित्राला त्यानें बंदी होत नाहीं. पण फलाटावर झोंपलेल्या मजुराचा, लोकलच्या दारांत पदर सांवरणाऱ्या बाईचा चेहरा आपल्या प्रदर्शनासाठीं उचलणाऱ्यानें तो निर्णय एकदां आठवावा. रेल्वेच्या आवारांत चित्रणाचे नियमही वेगळे आहेत, ते आधीं विचारून घ्यावे. सुधारक ओलवे यांनीं महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचीं चित्रें काढलीं (त्यांस २०१६ सालीं पद्मश्री मिळाली), तीं पाहतांना, ज्यांचीं चित्रें काढलीं त्यांना हा मनुष्य ठाऊक होता, हें चटकन् ध्यानांत येतें. तसला परिचय कोणत्याही कारखान्यांत तयार होत नाहीं. म्हणून रिको घ्यावा, पण उघड्या हातांत, पोटाच्या उंचीवर धरावा. व्यारावालांच्या रोलिफ्लेक्सप्रमाणें मान थोडी खालीं घालून. कोणी पाहिलें तर पाहूं द्यावें.

आणखी एका खोडीबद्दल लिहिल्यावांचून राहवत नाहीं. नवशिके आपलें चित्र काळेंपांढरें करतात, म्हणजे तें थोरामोठ्यांच्या चित्रांसारखें दिसेल असा त्यांचा समज असतो. केतकी शेठ यांचा 'बॉम्बे मिक्स' (२००७) काळापांढरा आहे, कारण त्यांच्या नजरेला प्रकाश व आकृति यांचाच खेळ हवा होता. परंतु मुलुंडच्या इमारतीवर जूनमध्यें चढणारी निळी ताडपत्री, बोरिवलीच्या गाडीवरचे शेवंतीचे पिंवळे ढीग, घाटकोपरच्या खाऊगल्लींतल्या डोशाच्या तव्यावर पडलेला हिरवा-जांभळा दिव्यांचा उजेड, हा आमच्या रस्त्याचा मजकूर आहे. रंग काढला कीं अर्धा मजकूर गेला.

ज्यांना खर्च झेपत नाहीं, त्यांनीं खिशांतल्या टेलिफोनवर सहा महिने काढावे, मात्र त्यावरचें झूम वर्ज्य मानून. एवढ्या अवधींत रोज एक तरी चित्र निघालें नाहीं, तर लाखाच्या कॅमेऱ्यानेंही निघणार नाहीं आणि घरच्यांचे पैसे वांचतील. नंतर जुना जी. आर. (२०१३) किंवा जी. आर. २ (२०१५) पाहावा. सोळा दशलक्ष बिंदु आल्बमाला व भिंतीवरच्या चौकटीला पुरून उरतात. फोर्टांतील बोराबाजार व आसपासच्या दुकानांतून असे जुने कॅमेरे मिळतात. घेतांना भिंगांत विजेरीचा झोत तिरपा टाकून पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले तर ती बुरशी समजावी व स्वस्त असला तरी सोडावा. मुंबईची हवा बुरशीस फार मानवते. पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा चामड्याच्या पिशवींत न ठेवतां घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिकाच्या पुड्यांसह ठेवावा आणि आठवड्यांतून दोनदां बाहेर काढून वापरावा. बंद राहिलेला कॅमेरा लवकर बिघडतो.

शेवटची सूचना काढलेल्या चित्रांच्या बाबतींत. यंत्र तारीख आपोआप नोंदवितें. ठिकाण मात्र आपण लिहावें, तेंही पुरें. अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचाऱ्यांचा भाग ३ जुलै २०१८ रोजीं कोसळला, नोव्हेंबर २०२२ मध्यें पूल बंद झाला, पुढें पाडला गेला, आणि २०२४ पासून त्या जागीं नवा पूल टप्प्याटप्प्यानें खुला झाला. जुन्या पुलावरून वर्षानुवर्षें रोज हजारों लोक गेले. त्यांच्यापैकीं कोणाच्या टेलिफोनांत त्याचें एखादें चित्र असेलच, छत्र्यांसह, गर्दीसह; तें शोधून काढावें, कागदावर छापून घ्यावें, आणि मागें पेन्सिलीनें लिहावें : अंधेरी, गोखले पूल, पूर्वेकडून, सकाळीं सव्वानऊ.