वितळणे आणि वितळविणे

२०२५ च्या मे महिन्यात मी दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' पुन्हा वाचावयास घेतले. हे पुस्तक १९५६ साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थिदशेत ते प्रथम वाचले, पुढे मराठीचा शिक्षक म्हणून वर्गात त्याविषयी बोललो, आणि निवृत्तीनंतर त्या त्या महिन्याचा लेख त्या त्या महिन्यात वाचावयाचा, असा एक नेमच होऊन बसला. त्या वर्षी मात्र नेमाला धक्का बसला. वैशाखाचा लेख हाती होता आणि बाहेर पाऊस कोसळत होता. वळवाचा नव्हे, मोसमी पाऊस. तो मुंबईला २६ मे रोजी पोचला होता. एरवीची तारीख ११ जून. मृगाला अजून बारा-तेरा दिवस अवकाश होता. आमच्या शिक्रापूरच्या शिवारात काढून ठेवलेला कांदा भिजत होता आणि माझ्या हातातल्या पुस्तकात वैशाख होता.

एका वर्षाच्या पावसावरून ऋतू बदलले असे कोणी म्हणू नये, हे मला कळते. परंतु गोष्ट एका वर्षाची नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे दाखविले आहे की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. त्याचा संबंध त्यांनी अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांच्या बदललेल्या वागण्याशी जोडला आहे. म्हणजे दुर्गाबाई ज्या सुमारास ऋतूंचे निरीक्षण करीत होत्या, त्याच सुमारास ते ऋतू हळूहळू हलू लागले होते. 'ऋतुचक्र' प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ साली, हवाई बेटावरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी हवेतील कर्बवायूचे नियमित मापन सुरू केले. तेव्हा तो दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे.

यावरून 'ऋतुचक्र' जुने झाले असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो मला मान्य नाही. माहिती जुनी होते. पाहणे जुने होत नाही. झाड, फूल, पाखरू, आकाशाचा रंग यांकडे इतक्या निष्ठेने पाहणारे दुसरे पुस्तक मराठीत शोधावे लागेल. मात्र या पुस्तकाची घडण एका विश्वासावर उभी आहे, हे आता जाणवते. तो विश्वास त्याच्या नावातच आहे. चक्र म्हणजे जे परत येते ते. पाहणाऱ्याने फक्त पाहावे. फिरविणारा कोणी दुसरा आहे. लेखिकेच्या त्या प्रसन्न तटस्थतेचे रहस्य येथेच आहे असे मला वाटते. आपल्या पाहण्याने, राहण्याने, चुलीच्या वा गाडीच्या धुराने या चक्राला काही होईल, ही शंका तिला शिवत नाही. १९५६ साली ती शिवण्याचे कारणही नव्हते.

याच्या आदल्याच वर्षी, १९५५ साली, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आली. तेथे निसर्ग प्रसन्न नाही. औंध संस्थानातल्या माणदेशी धनगरवाडीवर एक तरुण मास्तर येतो, वाडीशी एकरूप होतो, आणि अखेरीस दुष्काळ पडून वाडी उठून जाते. या मास्तराचे मला नेहमी एक विशेष वाटत आले आहे. नेमून दिलेल्या कामापलीकडच्या कितीतरी गोष्टी तो आपल्या अंगावर घेतो. वाडीत तालीम उभी राहावी म्हणून तो धडपडतो. माणसांची भांडणे, अर्ज, अडचणी, सारे त्याच्याकडे येते. परंतु पाऊस पडत नाही तेव्हा तो नुसता साक्षी उरतो. त्याच्या जबाबदारीची सीमा आभाळापाशी संपते. कादंबरीच्या शेवटाला जी निर्मळ करुणा आहे, ती यामुळेच आहे. तेथे दोष देण्याजोगे कोणी नाही.

पुढे सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ने (२००२) चित्र पालटले. शिकून नोकरी न मिळालेला एकनाथ आणि त्याचे शेतकरी घर यांच्या वाट्याला आलेले हाल केवळ आभाळातून आलेले नाहीत. त्यांत कर्ज आहे, बाजार आहे, राज्यकारभार आहे. दुष्काळाला माणसाचा हात लागतो हे ही कादंबरी स्वच्छ सांगते. पण हा हातही पाऊस पडून गेल्यानंतरचा, किंवा न पडल्यानंतरचा. खुद्द पावसाला लागलेला हात मात्र आपल्या कथा-कादंबऱ्यांत मला अद्याप ठळकपणे दिसलेला नाही.

अमिताव घोष यांनी 'द ग्रेट डिरेंजमेंट' (२०१६) या पुस्तकात असा प्रश्न विचारला आहे की, हवामानाच्या या उलथापालथीची गंभीर ललित साहित्यात इतकी थोडी नोंद का? त्यांचे उत्तर थोडक्यात असे की, आधुनिक कादंबरीने संभाव्य, रोजच्या जगण्याचा आश्रय घेतला आणि अघटिताला दाराबाहेर ठेवले. या उत्तरात तथ्य आहे; परंतु मराठीपुरते ते मला अपुरे वाटते. आमच्या साहित्यात आभाळ फाटणे आणि आभाळ आटणे या दोन्ही गोष्टींना कधीच मज्जाव नव्हता. आम्हांला अघटिताचे वावडे नाही. वावडे आहे ते कर्त्याचे.

हे मला कळले ते कोणत्याही ग्रंथातून नव्हे, घरात. पुणे-नगर रस्त्याला लागून आमच्या वडिलांची थोडी जमीन होती. बांधावर चार चिंचा होत्या. जमीन गोदामासाठी विकली गेली. (पाहा, आताही मी 'विकली गेली' असेच लिहितो आहे.) पुढे अनेक व्याख्यानांतून मी या चिंचांविषयी गहिवरून बोललो. "रस्ता रुंद झाला, कारखाने आले, चिंचा गेल्या," असे माझे एक ठरलेले वाक्य होते. एकदा असे बोलून घरी आलो, तर पत्नी म्हणाली, "अहो, चिंचा काय चालत गेल्या? जागा मोकळी करून मागितली त्यानं, आणि तुम्ही भाव वाढवून घेऊन तोडून दिल्यात." त्यावर मजजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री मी माझी जुनी टिपणे काढून पाहिली. सगळीकडे झाले, आले, गेले, वाढले, आटले. तोडले, विकले, जाळले हे शब्द कोठेच नव्हते.

आपल्या भाषेत उजाडते, सांजावते, गडगडते अशी क्रियापदे आहेत. व्याकरणात त्यांना भावकर्तृक म्हणतात. त्यांना स्पष्ट असा कर्ता नसतो, आणि निसर्गाच्या बाबतीत ते योग्यच आहे. अडचण एवढीच की, हवामानबदलाविषयीचे आपले सारे लेखन याच वळणावर जाते. तापमान वाढते, हिमनद्या वितळतात, समुद्र चढतो. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगाच्या समुद्राची पातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. तापलेले पाणी फुगते म्हणून, आणि जमिनीवरचे बर्फ वितळून त्यात येते म्हणून. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. ही सारी विधाने खरी आहेत, आणि सगळी उजाडल्यासारखी आहेत. परंतु मराठीत 'वितळणे' आहे तसे 'वितळविणे'ही आहे. व्याकरण ज्याला प्रयोजक क्रियापद म्हणते ते हे. वैज्ञानिकांनी कर्ता केव्हाच सांगितला आहे. साहित्याने अजून क्रियापद बदललेले नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कर्ता दाखवावयाचा, तर सध्या उपदेशपर कवितांतून "आपण सारेच दोषी" असा जो घोष चालतो, तो काय वाईट? माझे मत असे की, तोही दोष लपविण्याचाच एक प्रकार आहे. मराठीने आपल्याला 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द दिले आहेत. 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. इंग्रजीला हा भेद एका शब्दात करता येत नाही. आपल्याला येतो, आणि नेमका येथेच आपण तो गमावतो. पावसाळा सरला की आमच्या भागातून मेंढरांचे कळप जातात. बिऱ्हाड घोड्यावर, माणसे पायी. त्या धनगरणीला थांबवून "बाई, हिमालयातले बर्फ आपण वितळविले" असे मी म्हणालो, तर "आपण म्हंजी कोन?" असे तिने विचारावे, आणि मी खाली पाहावे. भारतातला माणूस सरासरीने वर्षाला सुमारे दोन टन कर्बवायू हवेत सोडतो, अमेरिकेतला सुमारे चौदा टन. आणि भारताच्या त्या सरासरीतही ती बाई आणि मी एका ओळीत बसत नाही. प्रत्येकाने आपापल्या कर्बाचा हिशेब मांडावा ही कल्पना लोकप्रिय करण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा वाटा होता, हेही विसरू नये. तेल काढणाऱ्याने तेल जाळणाऱ्याला हिशेबाची वही द्यावी, यातला विनोद वाचकांच्या ध्यानात येईलच.

तर मग 'मी' सुटलो काय? नाही. संध्याकाळी आमच्या चाकण चौकात उभे राहिले की नव्या कोऱ्या मोटारी लादलेले लांबलचक ट्रेलर एकामागून एक अडकलेले दिसतात. त्या कोंडीत माझी दुचाकीही असते. माझा मुलगा अशाच एका मोटारींच्या कारखान्यात नोकरीला आहे. माझ्या औषधांचे पैसे त्या पगारातून येतात. तो कारखाना बंद पडावा असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? आणि त्याचा माझ्याशी संबंध नाही, असे तरी कोणत्या तोंडाने म्हणू? सगळा दोष माझा नाही. परंतु माझा असा काही वाटा आहे, आणि तो धनगरणीच्या वाट्याहून मोठा व तेलाच्या धन्याच्या वाट्याहून फार लहान आहे. आकडेवारी हा वाटा मोजील. त्याचे ओझे मनाला कसे जाणवते, हे सांगणे साहित्याचे काम आहे. थोर शोकांतिकांनी दुसरे काय केले आहे? नियती किती आणि माणूस किती, हेच तर त्या तोलत आल्या.

आइसलँडमध्ये 'ओक' नावाची एक हिमनदी होती. ती मृत झाल्याचे २०१४ साली जाहीर झाले, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोकांनी डोंगर चढून तेथे एक स्मृतिपट्टी बसविली. तीवरचा मजकूर आन्द्री स्नाइर माग्नासोन या लेखकाने लिहिला. तो पुढच्या पिढ्यांना उद्देशून आहे. काय घडते आहे आणि काय करावयास हवे याची जाण लिहिणाऱ्यांना आहे, अशी कबुली त्यात आहे; ते केले गेले की नाही, याचा निवाडा मात्र वाचणाऱ्यांवर सोपविला आहे. एवढ्याशा मजकुरात लिहिणारे कोण आणि वाचणारे कोण हे ठरलेले आहे, आणि कर्ता जागेवर आहे. हिमनदी रडते, धरणीमाता तापाने फणफणते, असल्या अलंकारांची त्याला गरज पडलेली नाही.

आमच्या भीमेच्या उगमाशी बर्फ नाही. भीमाशंकरच्या डोंगरावर पडणारा पाऊस हीच तिची हिमनदी. तेव्हा आपल्या साहित्याने आइसलँडची नक्कल करावी असे मी म्हणत नाही. मला वाट आहे ती त्याच माणदेशी मास्तराची. आज तो वाडीवर मोटारसायकलने येईल. तालमीसाठी धडपडेल, अर्ज लिहून देईल, आणि पाऊस चुकेल तेव्हा मागल्या मास्तरासारखा नुसता साक्षी राहू शकणार नाही. त्याची सीमा आता आभाळापाशी संपत नाही. त्याने काय बोलावे, हे मला ठाऊक नाही. परंतु पहिले वाक्य 'मी'पासून सुरू व्हावे आणि त्यातला 'मी' खऱ्याहून मोठाही नसावा, लहानही नसावा.

'ऋतुचक्र' मी पुढेही वाचणार आहे, महिन्याच्या महिन्याला. पुस्तकातला महिना आणि बाहेरचा महिना जेथे जुळणार नाहीत, तेथे समासात तारीख घालावयाची, एवढी एक भर मी नेमात घातली आहे. पहिली नोंद २०२५ च्या वैशाखाची आहे. आणि त्या चार चिंचांविषयीचे व्याख्यानातले वाक्यही मी दुरुस्त केले आहे. आता ते असे आहे: "चिंचा मी तोडून दिल्या." श्रोते पूर्वीइतके गहिवरत नाहीत.