साडेबारा मीटरचा वंशवृक्ष

काही महिन्यांपूर्वी एका घराण्याच्या संमेलनात संगणकावर तयार केलेला वंशवृक्ष पाहण्याचा योग आला. मंगल कार्यालयाची एक भिंत त्याला पुरली नाही. कोपऱ्यातून वळवून तो दुसऱ्या भिंतीवर न्यावा लागला होता. अकरा पिढ्या, सुमारे अठराशे नावे, लांबी साडेबारा मीटर. उंची मात्र मीटरभरही नव्हती. जुने कुलवृत्तांत, वह्या आणि पत्रे चाळून दोन निवृत्त गृहस्थांनी तीन वर्षे खपून ही माहिती जमवली होती. त्या कष्टांबद्दल आम्हांला आदरच आहे. तक्त्याबद्दल मात्र थोडे वेगळे बोलायचे आहे.

प्रथम आकाराविषयी. सर्वांत मोठ्या पिढीत ४२० माणसे होती आणि प्रत्येकाला तीन सेंटिमीटर रुंदीचा चौकोन दिलेला होता. ४२० गुणिले ३ म्हणजे १२६० सेंटिमीटर. लांबी इथेच ठरली. वरच्या पिढ्यांत माणसे किती होती याचा तिच्याशी संबंध नाही. म्हणून मूळपुरुषाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटर कोरी जागा आणि तीतून धावणाऱ्या आडव्या रेषा. आपल्या नावापाशी उभ्या असलेल्या माणसाला खापरपणजोबा गाठायला भिंतीच्या कडेने चालत जावे लागे, आणि वाटेत रेषा हुकली की पुन्हा मागे. दोघांचे नाते एका नजरेत दिसावे हे तक्त्याचे मुख्य काम. तेच इथे होत नव्हते.

हाच वृक्ष वर्तुळात मांडला असता तर? मूळपुरुष मध्यभागी, पिढ्या कड्याकड्यांनी बाहेर आणि नावे त्रिज्येच्या दिशेने लिहिलेली. मग एका नावाला परिघावर एक सेंटिमीटर जागा पुरते. परीघ ४२० सेंटिमीटर, म्हणजे व्यास सुमारे १३४ सेंटिमीटर. एका भिंतीवर सहज मावेल. नावे वाचताना मान वाकडी करावी लागेल हे खरे, पण चालावे तरी लागणार नाही. हे गणित नववीच्या वर्गात करून पाहण्याजोगे आहे.

संगणकाने वृक्ष नीटनेटका कसा काढावा याचा विचार बराच जुना आहे. १९८१ साली राइनगोल्ड आणि टिलफर्ड यांनी दिलेली रीत आजही वापरात आहे. प्रत्येक उपशाखा आधी स्वतंत्र मांडायची, मग शेजारच्या दोन शाखा एकमेकींना न भिडता जितक्या जवळ येतील तितक्या आणायच्या आणि बापाला मुलांच्या मधोमध बसवायचे. हजारो नावांचे हे काम संगणक क्षणात करतो. अट एकच : आकृती खरोखर वृक्षाची हवी, फांद्या पुन्हा एकमेकींना मिळता कामा नयेत.

कुटुंब ही अट पाळत नाही. आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह रूढ आहे. अशा जोडप्याच्या मुलाला आठांऐवजी सहाच पणजी-पणजोबा असतात. दोन फांद्या खाली येऊन एक होतात. मग वृक्षाचे जाळे बनते. जाळे कागदावर मांडताना रेषा कमीतकमी जागी एकमेकींना छेदतील असा क्रम शोधणे हा फारच अवघड प्रश्न आहे. गॅरी आणि जॉन्सन यांनी १९८३ साली दाखवले, की कोणत्याही जाळ्यासाठी हमखास आणि झटपट उत्तर देणारी रीत आज कोणालाही ठाऊक नसलेल्या प्रश्नांच्या वर्गात तो मोडतो. संगणकाचे प्रोग्राम इथे अंदाजाने पुरेसे चांगले उत्तर काढतात.

आमच्यासमोरच्या तक्त्यात मात्र एकही रेषा दुसरीला छेदत नव्हती. तयार करणाऱ्यांना त्याचा अभिमान होता. ही किमया कशी साधली हे शोधायला फार वेळ लागला नाही. मुलींचे चौकोन गुलाबी होते आणि त्यांच्याखाली रेषाच नव्हती. सुना नवऱ्याच्या चौकोनात बसवलेल्या, माहेराशिवाय. फांद्या पुन्हा जुळतात त्या मुलींच्या बाजूने. ती बाजू छाटली की जाळ्याचा वृक्ष होतो.

छाटले किती तेही मोजता येते. अकराव्या पिढीतल्या मुलाला दहा पायऱ्या वर १०२४ पूर्वजांच्या जागा आहेत. मूळपुरुष आणि त्याची पत्नी यांनी त्यांतल्या दोन भरल्या. दहाही पायऱ्यांच्या मिळून २०४६ जागांपैकी तक्त्यात वीस. आणि मथळा होता ‘आमचा संपूर्ण वंश’.

जीवशास्त्राच्या शिक्षकांना यातली अडचण लगेच कळेल. हिमोफिलिया हा रक्त न गोठण्याचा रोग व्हिक्टोरिया राणीकडून तिची मुलगी ॲलिस, ॲलिसची मुलगी अलेक्झांड्रा आणि तिचा मुलगा रशियाचा युवराज अलेक्सी असा उतरला. तो हिमोफिलिया ‘बी’ होता हे २००९ मध्ये डीएनएच्या तपासणीतून सिद्ध झाले. गुलाबी चौकोनापाशी थांबणाऱ्या तक्त्यात अलेक्सी सापडणारच नाही.

संगणकाला याचा दोष देता येत नाही. वंशावळीच्या माहितीसाठी १९८४ पासून जेडकॉम नावाची मांडणी वापरात आहे. तिच्यात व्यक्तीची नोंद वेगळी आणि कुटुंबाची वेगळी असते. मुलगी एका कुटुंबात अपत्य म्हणून आणि दुसऱ्यात पत्नी म्हणून जोडलेली राहते. तिथे कोणी छाटले जात नाही.

आपल्याकडच्या नोंदी जोडण्यात वेगळाच घोळ होतो, तोही सांगायला हवा. लग्नात नाव बदलल्याने माहेरची गोदावरी आणि सासरची लक्ष्मी या दोन बायका ठरतात. उलट नातवाला आजोबांचे नाव ठेवल्याने नारायण महादेव दर दोन पिढ्यांनी पुन्हा येतो. ते दोघे एकच समजून नोंदी जोडल्या, की माणूस स्वतःचाच आजोबा होतो. दत्तक गेलेल्याला दोन बाप असतात. जन्मवर्ष नसलेली नोंद म्हणूनच फार धोक्याची.

असल्या चुका मोठ्या संशोधनातही निस्तराव्या लागतात. २०१८ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘जेनी’ या संकेतस्थळावरच्या ८ कोटी ६० लाख नोंदी तपासून सुमारे १ कोटी ३० लाख माणसांचा एकसंध वंशवृक्ष जुळवला गेला. बहुतेक माणसे युरोप आणि उत्तर अमेरिकेतली होती. दोनपेक्षा जास्त आईबाप असलेली माणसे आधी वेगळी काढावी लागली. मग त्या जाळ्यातून आयुर्मानात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे १६ टक्के निघाला, म्हणजे पूर्वी मानत त्याहून बराच कमी. हे जाळे अख्खे कागदावर काढण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. चित्रासाठी सहा हजार माणसांचा तुकडा घेतला.

परतताना आम्ही त्या गृहस्थांना विचारले, मुलींची मुले तुम्ही नोंदलीच नाहीत का? ते म्हणाले, “नोंदली आहेत की. सगळी फाइलमध्ये आहेत. छापताना काढली, लांबी वाढत होती.”

फाइल शाबूत आहे हे ऐकून बरे वाटले. ‘ग्रॅम्प्स’सारखा विनामूल्य प्रोग्राम तीच फाइल घेऊन, कोणत्याही एका व्यक्तीला मध्यभागी ठेवून वर तिचे पूर्वज आणि खाली वंशज असा डमरूच्या आकाराचा तक्ता काढतो. वर चार पिढ्या म्हणजे तीस चौकोन. खालच्या दोन-तीन पिढ्यांसह ते ए-थ्री कागदावर मावतात. पुढच्या संमेलनात दाराशी एक संगणक आणि एक छपाईयंत्र ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याचा किंवा तिचा कागद काढून द्या, असे आम्ही सुचवले आहे. भिंतीवरचा तक्ता हवा तर असू द्या, मथळा तेवढा बदलावा.