वास्तु आणि वस्ती

जुनीं घरें एकत्र आणून त्यांचें जितेंजागतें गांव वसवावें, ही कल्पना आर्तुर हाझेलिउस यांनीं १८९१ मध्यें स्टॉकहोम येथें उघडलेल्या ‘स्कान्सेन’मुळें जगभर पसरली. आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरीच्या सिद्धगिरि मठांत गांवगाड्याचा असा देखावा उभा आहे. बलुतेदार आपापल्या कामांत गढलेले दिसतात. पण ते पुतळे आहेत. तो पाहून शहरांतील मुलांस कुंभाराचें चाक व लोहाराचा भाता ओळखूं येतो, हा लाभ आम्ही कमी लेखीत नाहीं. तथापि पुतळ्याच्या हातचें मडकें कधीं बाजारांत जात नाहीं, ही त्या रचनेची मर्यादाही सांगितली पाहिजे.

छत्रपति संभाजीनगरचा प्रश्न याहून निराळा आहे. मलिक अंबरानें १६१० मध्यें खडकी वसविली आणि डोंगराकडील भूगर्भांतलें पाणी नहरींनीं शहरांत खेळविलें. त्याच विद्येवर पुढें उभी राहिलेली पाणचक्की खापरी नळांतून आलेल्या पाण्याच्या बळावर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यांतील फकीर व यात्रेकरू यांचें धान्य दळीत असे. ही वास्तु उचलून एखाद्या प्रदर्शनांत नेली, तर हातीं उरेल केवळ एक जातें. कारण तिचें अर्धें अंग जमिनीखालीं कांहीं मैल पसरलेलें आहे.

हिमरूचेंही तसेंच. सूत व रेशीम यांचें हें वस्त्र मागावर जगतें, कांचेच्या कपाटांत नव्हे. प्रवाशानें १६१२ च्या भडकल दरवाजाचें छायाचित्र घ्यावें आणि त्याच वेळीं विणकराच्या मुलानें माग सोडून अन्यत्र चाकरी धरावी, याला जतन कसें म्हणावें?

यंत्रमागापुढें हातमाग महाग पडतो, असा आक्षेप येईल. तो खोटा नाहीं. म्हणूनच दरवाजांच्या दगडांची डागडुजी जितकी अगत्याची, तितकेंच नहरींतील गाळ काढणें आणि कारागिराच्या मजुरीची तजवीज करणें अगत्याचें आहे. येथें नवें गांव रचण्याचें कारण नाहीं. जुनेंच वांचवावयाचें आहे.

यांतील सर्व भार सरकारवर टाकून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. घरच्या लग्नकार्यांत हातमागाची एक हिमरू शाल विणकराच्या दारीं जाऊन घेणारें कुटुंबही या शहराची एक भिंत सांवरीत असतें, असें आम्हांस वाटतें.